आमच्याच म्हशींविरुद्ध अर्ज

माझ्या हातून आयुष्यात किती अर्ज लिहून झाले त्याला गणती नाही. शाळेच्या गळक्या छपरासाठी, मोडक्या बाकांसाठी, मुलींच्या संडासाला दार मिळावं म्हणून, आणि एकदा तर शाळेच्या फाटकात येऊन बसणाऱ्या एका वळूसाठीसुद्धा. बहुतेकांना उत्तर आलं नाही. आलं ते 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे' एवढंच, आणि पुढं तो कुठं गेला ते त्या वळूलाच ठाऊक. ताबडतोब, एकेका शब्दाला मान देऊन मंजूर झालेला माझा अर्ज एकच. तो मी आठवीत असताना लिहिला, आणि तो आमच्याच म्हशींविरुद्ध होता.

परवा एका कार्यशाळेत मला 'अनुभवी मार्गदर्शक' म्हणून बोलावलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिकेला बोलावण्यात सोय असते; ती वेळेवर येते आणि जेवण कसंही असलं तरी चांगलं म्हणते. विषय होता, शाश्वत विकास अभ्यासक्रमात कसा गुंफावा. पडद्यावर हिरवीगार चित्रं सरकत होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी ठेवलेलं होतं. मी माझ्या मगदूम सरांबद्दल बोलले, टाळ्या घेतल्या, आणि अर्जाची गोष्ट तेवढी शिताफीनं गाळली. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. दुसऱ्याच्या मुलांना खरं लिहायला शिकवा म्हणून सांगून आले होते, आणि स्वतःचं खरं अजून लिहायचंच होतं.

आमचं घर भर पेठेत. तीन खोल्या होत्या. त्यातली सगळ्यात मोठी, उजेडाची आणि वाऱ्याची खोली म्हशींना होती; उरलेल्या दोनांत आबा, आई आणि मी. पाव्हणे आले की आबा त्यांना आधी गोठा दाखवत, मग घर, आणि मग आठवण झाली तर मला. म्हशी पाच. रंगी, चंद्री, सोनी, बिजली, आणि एक जिला नाव ठेवायचं राहूनच गेलं, तिला सगळे नुसतं 'मधली' म्हणत. उजाडताना मला जाग धारेच्या आवाजानं यायची. रिकाम्या चरवीत पहिली धार टणटण वाजते, चरवी भरत येईल तसा आवाज जाड होत जातो, आणि फेस वर आला की नुसती फसफस ऐकू येते. अंथरुणात पडल्या पडल्या मी सांगू शकायचे की आबा आता कोणत्या म्हशीखाली बसलेत. या विद्येचा पुढं मला काडीचाही उपयोग झाला नाही.

न्याहारीला भाकरी असायची, तव्यावरून उतरल्या उतरल्या तिच्यावर सायीचा गोळा आणि कडेला हिरव्या मिरचीचा खर्डा. म्हैस व्याली की चार दिवस खरवस. शेजारच्या घरी वाट्या पोचवायचं काम माझ्याकडं, आणि पोचेपर्यंत प्रत्येक वाटीतला एक कोपरा कमी झालेला असायचा. या सगळ्या चंगळीची किंमत एकच होती. माझ्या वेणीला, दप्तराला आणि वह्यांना गोठ्याचा वास यायचा. माझ्या बाकावर बसणारी मुलगी दिवसेंदिवस खिडकीकडं सरकत चालली होती. वर्ष आणखी लांबलं असतं तर ती खिडकीबाहेर पडली असती. मला त्या वासाची लाज वाटायची. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ, मला वाटतं, तिथंच आहे.

आबांचा धंदा दूधकट्ट्याचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडं संध्याकाळी चौकात म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या देखत पेल्यात धार काढतात, आणि गिऱ्हाईक ते फेसाळ दूध तिथंच उभ्यानं पिऊन मिशा पुसत घरी जातं. या धंद्यात जाहिरात एकच, ती म्हणजे म्हैस. पेला हातात घेण्याआधी माणूस म्हशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. तिच्या मांडीवर शेणाचा पोपडा दिसला की तो मुकाट्यानं शेजारच्या म्हशीकडं वळतो. म्हणून आबा रोज दुपारी पाची म्हशी घेऊन पेठेमागच्या तळ्यावर जात. म्हशी तासभर डुंबत. मग आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून एकेकीला काथ्यानं घासत, आणि रंगीच्या पाठीवर शेवटी तेलाचा हात फिरवत. दिवाळीच्या पाडव्याला तिची शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून मिरवायला काढत. पुढं फटफटीवर आबा, मागं पळणारी रंगी, आणि फटफटीचा सायलेन्सर त्या दिवसापुरता मुद्दाम काढून ठेवलेला. गल्लीभर धूर आणि कानठळ्या. पर्यावरण हा शब्द आमच्या घरात अजून यायचा होता.

तो मगदूम सरांनी आणला. सर हातकणंगल्याहून रोज पॅसेंजरनं यायचे. शेतकरी जैन घरातले, अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक. प्यायला पाणी मागितलं तर फुलपात्र अर्धंच भरून घ्यायचे, लागलं तर पुन्हा घेईन म्हणायचे. ते आम्हांला मराठी आणि गणित शिकवत, आणि या दोन्हींत त्यांनी आपलं वेड मिसळून टाकलं होतं. पुस्तकातल्या हौदांना नळ जोडायचं सोडून त्यांनी शाळेचा खराखुरा गळका नळ आमच्यापुढं ठेवला. खाली बादली लावा, घड्याळ बघा, दिवसाला किती पाणी जातं ते काढा. उत्तर आलं की म्हणायचे, आता हे हेडसरांना नेऊन दाखवा. निबंधाला 'माझ्या घरातला कचरा कुठे जातो' असा विषय दिला, आणि अट अशी की कचऱ्याच्या गाडीमागं चालत जाऊन मगच लिहायचं. हेडसरांच्या मते हा मास्तर पोरांना रिकामटेकडं हिंडायला शिकवत होता. आम्हांला तो देव वाटायचा. आज पडद्यावर हिरव्या चित्रांतून जे दाखवतात ते सर खडूनं सांगायचे, आणि खडू नखाएवढा उरेपर्यंत टाकायचे नाहीत.

चांगल्या गोष्टीचं खूळ लागलेलं माणूस घरच्यांना किती असह्य होतं, याचा मी उत्तम नमुना होते. आई भांडी घासायला बसली की मी शेजारी उभी राहून तांबे मोजायचे. आबांना दुसरी बादली घेऊ द्यायची नाही. गोठ्याच्या भिंतीवर मी खडूनं 'पाणी जपून वापरा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ते सोनीनं दुसऱ्या दिवसापर्यंत चाटून साफ केलं. आई एकदाच बोलली. "तुज्या सरास्नी म्हणावं, एक दिस शेण काढाय या. मग सांगा पाणी कुटं वाचवायचं त्ये." आबा मात्र कट्ट्यावर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे की आमची पोरगी शाळेत पाण्यावर शिकते आहे. गिऱ्हाइकांना त्यातून नेमकं काय कळायचं कोण जाणे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि सर पत्रलेखनाकडं वळले. तक्रारीचा अर्ज दर वर्षी असायचा. अबक या गृहस्थानं क्षयज्ञ या अधिकाऱ्याला गल्लीतल्या अस्वच्छतेबद्दल लिहायचं, आणि पाच गुण घ्यायचे. सर म्हणाले, यंदा खरे अर्ज लिहायचे. आपापल्या भागातली एक जागा निवडायची, चार दिवस तिथं जाऊन वहीत नोंदी करायच्या, जागेला सगळ्या बाजूंनी फिरून यायचं, आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. सगळ्यात चांगला अर्ज खरोखर टपालात टाकायचा.

मी तळं निवडलं. चारही दिवस आमच्याकडच्या काठावर सावली बघून बसले. पलीकडच्या काठाला बाभळीचं रान होतं, वास यायचा, आणि माझ्या पायात नवीन चपला होत्या; त्यामुळं तिकडं काही मी गेले नाही. समोर दिसत होत्या त्या म्हशी. म्हैस ही दिसायला फार सोपी गोष्ट आहे. घरी येऊन मी लिहायला बसले, आणि माझ्यात वर्तमानपत्राचा अग्रलेख संचारला. 'काही बेजबाबदार गवळी आपल्या क्षणिक सोयीसाठी या तळ्याच्या निर्मळ जलाचा गळा घोटीत आहेत' हे वाक्य उतरलं तेव्हा मी ते स्वतःलाच तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. पाण्याला गळा असतो का, हा प्रश्न मला पडला नाही. बेजबाबदार गवळी लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं आबा नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. गवळी म्हणजे पलीकडच्या आळीतले. आमच्या म्हशी म्हणजे म्हशी नव्हत्याच, ती रंगी होती, चंद्री होती. डोळ्यांपुढं होती ती खिडकीकडं सरकणारी मुलगी. त्या एका कागदापुरती मी गोठ्यातून बाहेर येऊन स्वच्छ माणसांच्या रांगेत उभी राहिले होते, आणि तिथं मला फार बरं वाटत होतं.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. एकच विचारलं, पलीकडच्या काठाला जाऊन आलीस का? मी हो म्हणाले. सरांशी मी बोललेलं ते एकच खोटं. खाली मी 'इयत्ता आठवीची एक विद्यार्थिनी' एवढंच लिहिलं होतं, कारण मोठे लोक नावासाठी काम करत नाहीत असं मला कुठंतरी वाचल्याचं आठवत होतं. सरांनी माझाच अर्ज निवडला आणि त्याखाली सही केली. सगळा वर्ग रांगेनं टपालपेटीपर्यंत गेला. पाकीट मी आत सोडलं, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

महिन्याभरानं एका दुपारी शिपाई गल्लीत आला आणि ज्याच्या दारात म्हैस दिसेल त्याच्या हातात एकेक कागद देत गेला. कचेरी कुठली ते सांगत नाही. तिथले बिचारे सगळे आता निवृत्त होऊन माझ्यासारखेच कार्यशाळांतून हिंडत असतील. आबा चौथीपर्यंत शिकलेले. छापील मराठी ते वाचत, पण सरकारी मराठीपुढं त्यांचाही इलाज चालत नसे. त्यांनी मला हाक मारली. "सुमे, वाच बगू काय म्हणत्यात." शेजारचा म्हादूमामा पण आपला कागद घेऊन आला. त्याच्याही दोन म्हशी होत्या. आई हातातलं शेण तसंच ठेवून दारात उभी राहिली. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. 'याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की,' इथवर सगळं ठीक होतं. पुढं आलं, 'प्राप्त अर्जात नमूद केल्यानुसार, काही बेजबाबदार गवळी आपल्या क्षणिक सोयीसाठी या तळ्याच्या निर्मळ जलाचा'. माझा आवाज तिथंच बसला. कचेरीतल्या कारकुनालासुद्धा ते वाक्य इतकं आवडलं होतं की त्यानं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. उरलेलं मी कसंबसं वाचलं. पुढच्या महिन्यापासून तळ्यावर म्हशी आणायला बंदी, आणल्यास जनावर कोंडवाड्यात.

 मग आबा म्हणाले, "कुनी लिवलंय कुनास ठाव. पर भाषा झकास हाय." लेखक म्हणून मला मिळालेली ती पहिली दाद. त्यानंतर काही बक्षिसं मिळाली, एकदा शालही मिळाली, पण त्या दादेसारखी कुठलीच आतून लागली नाही. मी कागदाची घडी घालून दिली आणि पोटात दुखतंय म्हणून जाऊन पडले. 

तळ्यावर पाटी लागली. आबा आणि आई सार्वजनिक नळावरून घागरी आणून म्हशी धुवायला लागले. नळाला पाणी ठराविक वेळ, त्यात बायकांची रांग, आणि म्हशीच्या अंगावर घागर ओतली की ती पुढच्या घागरीची वाट बघत उभी राहणार. पाण्यात डुंबणाऱ्या जनावराला वरून शिंपडलेलं पाणी म्हणजे भुकेल्याला नुसता वास. मी गुपचूप वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. शाळेचा गळका नळ पंधरवड्यात जेवढं वाया घालवत होता, त्याहून जास्त पिण्याचं पाणी आमच्या पाच म्हशींना एका दिवसात लागत होतं. गणित बरोबर होतं. सरांनी शिकवलेल्या पद्धतीनंच केलं होतं. म्हशी पाणी मनासारखं न मिळाल्यानं दूध चोरायला लागल्या, धारेला पुरतं सोडेनात, रंगीच्या पाठीची चकाकी गेली, आणि कट्ट्यावर आबांची जुनी गिऱ्हाइकं नजर चुकवून शेजारी वळायला लागली. दोन म्हशी तरी विकून काढाव्या लागणार, असं आबा आईला सांगत होते ते मी भिंतीआडून ऐकलं. गवळी मिळून कचेरीत जाऊन आले. तिथं त्यांना सांगितलं गेलं की तक्रार शाळेच्या मुलांची आहे, तुमचं काही म्हणणं असेल तर लेखी द्या. म्हादूमामानं लगेच माझं नाव सुचवलं. पोरगी शाळेत पत्रं लिहायला शिकते, तिच्याकडून लिहून घेऊ.

मी आज लिहिते, उद्या लिहिते करत आठ दिवस काढले. तेवढ्यात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. ज्या हेडसरांना मगदूम सर रिकामटेकडे वाटायचे, त्यांनाच आता त्यांचा पुळका आला होता. शाळेच्या अर्जावर सरकार हललं ही काही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी जाहीर केलं की तो अर्ज मी पालकांसमोर वाचून दाखवायचा. घरी आमंत्रणपत्रिका गेली. मी घसा बसावा म्हणून सलग दोन दिवस चिंचा खाल्ल्या. घसा बसला नाही, दात मात्र आंबले. सरांना जाऊन खरं सांगावं असं रोज ठरवायचे आणि रोज त्यांच्या खोलीच्या दारावरून परत यायचे.

संमेलनाच्या दुपारी आबा धुतलेला पटका बांधून, आईला घेऊन, दुसऱ्या ओळीत येऊन बसले. मला कशाबद्दल व्यासपीठावर बोलावलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पोरगी पाण्यावर काहीतरी बोलणार एवढंच. इथं मी काही धीराचं केलं असं लिहायचा मोह होतो आहे. कागद फाडला, सभेपुढं माफी मागितली, असं काहीतरी. तसं काही झालं नाही. मी वाचलं. सगळं वाचलं, आणि वाईट म्हणजे फार छान वाचलं. सराव केलेला होता, तोंड आपोआप चालत होतं. 'गळा घोटीत आहेत' म्हणताना ठरल्याप्रमाणं उजवा हातसुद्धा वर गेला. त्या हाताखालून मला आबा दिसले. नोटिशीतलं ते वाक्य त्यांनी ओळखलं होतं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि माझे आबा मांडीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघत बसले होते.

घरी परतताना आई दहा पावलं पुढं चालत होती. पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्या आधी एकच वाक्य बोलली, शेण काढून काढून शिकवलं आणि शेवटी पोरीनं शेणच खाल्लं. आबांनी मात्र घराचा रस्ता सोडला आणि मला तळ्याकडं चल म्हणाले. वाटेत एवढंच विचारलं, "नोटिशीतलं तूच लिवल्यालं व्हय?" मी व्हय म्हणाले. "आनि मी म्हणालतो भाषा झकास हाय," असं म्हणून ते थोडे हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं. मग ते मला बाभळीच्या रानातून, काटे बाजूला सारत, पलीकडच्या काठाला घेऊन गेले. तिथं वरच्या अंगाच्या नव्या वसाहतीचा नाला येऊन तळ्यात पडत होता. पाणी काळं होतं आणि वर साबणाचा फेस. आबांनी मला उभं करून दाखवलं, मासे कुठं मेले, केंदाळ, ती पाण्यावर पसरणारी जलपर्णी, कुठून वाढायला लागलं, आणि म्हशी डुंबत त्या आपल्याकडच्या काठाला ते का नव्हतं. रागावून नाही, म्हशीचा आजार दाखवावा तसं. मी मात्र ओक्साबोक्शी रडत होते. "रडून काय हुतंय," आबा म्हणाले. "आता बघितलंस न्हवं? मग लिव."

दुसरा अर्ज आम्ही गोठ्यात बसून लिहिला. आबा सांगत होते, मी लिहीत होते, म्हादूमामा मान डोलवत होता. मी सुरुवात केली की गवळी वर्गावर अन्याय झाला असून त्यांच्या म्हशींमुळं तळ्याला यत्किंचितही बाधा पोचत नाही. आबांनी वाचायला लावलं आणि मला थांबवलं. "ह्ये खोड. आमची म्हसरं तळ्यात शेण टाकत्यात. त्ये आदी लिव." म्हादूमामा चपापला, असं लिहिल्यावर कोण ऐकणार आपलं, म्हणाला. आबा ऐकेनात. "खरं हाय त्ये लिवायचं. आदी आपलं, मग नाल्याचं." तेव्हा मला प्रत्येक धड्याखाली येणारी 'काय शिकलात' ही चौकट आठवली, आणि इतकी लाज वाटली की लेखणी चालेना. चौथी शिकलेला माणूस मला तो धडा शिकवत होता जो मी शिकल्याबद्दल शाळेत टाळ्या घेऊन आले होते. अर्जात अलंकार एकही नव्हता. खाली आबांनी पाय दुमडून, जीभ दातांत धरून आपलं पूर्ण नाव लिहिलं. नंतर कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, तुझंबी लिव.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं, पलीकडच्या काठाचं खोटंसुद्धा.  पुढच्या रविवारी सुट्टी सोडून सर हातकणंगल्याहून आले, एकटेच बाभळीच्या रानात शिरून नाला बघून आले, आणि पुढच्या तासाला फळ्यासमोर उभे राहून वर्गाला म्हणाले की चूक सुमनची अर्धी आणि माझी अर्धी. तिनं बघितलं नाही, आणि मी स्वतः न बघता सही केली. शिक्षकानं मुलांसमोर चूक कबूल करताना मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतरही क्वचितच पाहिलं, आरशातसुद्धा.

दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं नाही. नाला वळवला गेला तो पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यानंतर, आणि तो कुणाच्या अर्जामुळं हे मला आजही सांगता येणार नाही. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा आबांनी तीन म्हशी गारगोटीकडच्या एका शेतकऱ्याला दिल्या. मला वाटलं होतं ते निदान रंगीला ठेवतील. पण तिच्यासाठी त्यांनी आधी विचारून घेतलं, तिकडं नदी जवळ आहे का. हितं घागरीत काय न्हाणार ती, म्हणाले. टेम्पो गल्लीतून निघाला तेव्हा आबा कट्ट्यावर लवकर निघून गेले. आईनं रिकाम्या झालेल्या दावणीत पाणी मारलं आणि ती जागा खसाखसा घासून काढली, जणू तिथं आता दुसरं कुणी यायचं होतं. मी दारात उभी होते. मला आईजवळ जायचं होतं, पण मी उंबरा ओलांडला नाही.

त्यानंतर मी लिहिणं सोडलं. वार्षिक परीक्षेत अर्जाच्या प्रश्नाला मी नुसता क्रमांक घातला आणि पान कोरं ठेवलं. निबंधसुद्धा चार ओळींत संपवला. मनात ठरवून टाकलं होतं की माझ्या हाताला यश चांगलं नाही. त्या वयात माणूस स्वतःला शिक्षाही जरा थाटामाटानं देतं. निकालाआधी सरांनी आबांना शाळेत बोलावलं. दुपारची वेळ होती, शाळा सुटलेली होती. वर्गात आम्ही तिघंच. सरांनी माझी उत्तरपत्रिका आबांपुढं उघडून ठेवली आणि ते कोरं पान दाखवलं. मला वाटलं आबांना काय समजणार, कोरं पान ते कोरं पान. आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, क्रमांकावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडं वळले.

"म्हशी माज्या गेल्या, सुमे. तुजा हात कशापायी थांबलाय?"

 सरांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. परीक्षा संपलेली होती, गुण मिळायचे नव्हते. मी नाल्याबद्दल लिहायला लागले. आबा शेजारच्या बाकावर, आठवीच्या मुलांसाठी केलेल्या त्या बाकावर गुडघे दुमडून बसले, आणि कट्ट्यावर जायची वेळ टळून गेली तरी माझं लिहून होईपर्यंत उठले नाहीत.